भांडी वाचायचं काम

माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर घरात वाचायला पुस्तक नव्हतं, भांडी होती. तांब्यावर, परातीवर, डब्यांच्या बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली असायची. कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं, सगळं त्यावर. राखेनं घासलं की राख त्या ठिपक्यांत बसायची आणि अक्षरं उठून दिसायची. घासता घासता मी वाचायचे. माझं वाचन टिकलं ते असं.

हे आधी सांगायचं कारण, समोरची इमारत पडली तेव्हा माझ्या या वाचनाचा उपयोग झाला. नाहीतर माझा उपयोग करून घेणं अवघड आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही. दुकानदारानं काय पाहिजे म्हणून विचारलं तरी मी बोट दाखवते. एकदा बोट चुकलं तर महिनाभर नको तो साबण वापरला, पण परत जाऊन सांगितलं नाही.

आमची पत्र्याची बैठी चाळ नाशिकला, पंचवटीच्या मागच्या अंगाला. रस्ता ओलांडला की ती चार मजली इमारत होती. मी घरोघरी पोळ्या करते, त्यातली पाच घरं त्याच इमारतीतली. पावसाळ्यात एका सकाळी जिन्याच्या भिंतीतून माती गळायला लागली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा आवाज मोठा. त्यांनी प्रत्येक मजल्यावर थांबून आरडाओरडा केला म्हणून बरीचशी माणसं खाली आली. सगळी आली नाहीत. पाच माणसं गेली. त्यांच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही, लिहायला बसलं की हात थांबतो. एवढंच लिहिते की तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचे मालक त्यात गेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. मावशी तेव्हा दूध आणायला खाली उतरल्या होत्या.

वाचलेल्या माणसांना जवळच्या शाळेत ठेवलं. वर्गातले बाक बाहेर काढून सतरंज्या टाकल्या. मी पहिल्या दिवसापासून तिथं पोळ्या लाटायला गेले. ते काम मला बरं, लाटताना कोणी भाषण करायला सांगत नाही.

माणसं मदत करायला लागली की कशी करतील, सांगता येत नाही. घोटीहून तांदळाचे कट्टे आले, ते कामाचे होते. पण कपड्यांच्या गाठोड्यांत काय काय निघालं. लहान मुलांचे परीचे फ्रॉक, एका बँडवाल्याचा डगला, नवरदेवाची शेरवानी. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या मापाचं दुसरं काही निघेना, म्हणून ते शेवटपर्यंत शेरवानीच घालून फिरत होते. येणारा प्रत्येक पुढारी आधी त्यांनाच नमस्कार करायचा. एका सकाळी तीन मंडळांनी तीन पातेली मिसळ आणली. मंडळवाले गेल्यावर माणसांत कुठला रस्सा चांगला यावरून वाद झाला. डोळ्यांत पाणी होतं, ते रडण्याचं का तिखटाचं, कोणी विचारलं नाही.

वहिनींना त्या गाठोड्यात पुरुषाचा काळा कोट मिळाला. पाऊस होता, गारवा होता, म्हणून त्यांनी तो गाऊनवर चढवला. झालं, त्या दिवसापासून सगळे त्यांचं ऐकायला लागले. बाहेरून आलेली माणसंसुद्धा त्यांना 'मॅडम' म्हणत. वहिनींनी कोणाला दुरुस्त केलं नाही.

एकट्या मावशी कशाला हात लावत नव्हत्या. मिसळ नाही, पोळी नाही, खिचडी नाही. अर्धा कप चहा, तोसुद्धा कोणी हातात धरून बसलं तर. त्यांना साखरेची गोळी चालू. रिकाम्या पोटी गोळी घेतली आणि दोनदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या की अशाच राहिल्या तर दवाखान्यात भरती करावं लागेल. लेक-जावई सटाण्याहून न्यायला आले होते. सोमवारी शाळा रिकामी करून द्यायची होती, मुलांचे वर्ग भरणार होते. पण मावशी हलायला तयार नाहीत.

"काकांचा डबा मिळाला की निघते," त्या म्हणाल्या.

"कुठला डबा, आई?" लेकीनं विचारलं.

"कारखान्यात न्यायचे तो. उभा, घट्ट झाकणाचा. बुडाला त्यांचं नाव आहे आणि कामावरचा नंबर. रॅकच्या वरच्या फळीला होता."

जावई भला माणूस. हात जोडून म्हणाला, "माय, आपला घर डबास्नी काय कमी शे?"

"डब्यांची नाही कमी," मावशी म्हणाल्या. "तो डबा हवाय. तीस वर्षं मी त्यात भाजी भरली. दुसरं काही मागत नाही मी."

काकांचं बाकी काही हाती लागलं नव्हतं, फोटोसुद्धा नाही.

चार-पाच दिवसांनी ढिगाऱ्यातून भांडी यायला लागली. एक मुकादम होते, गंभीर माणूस, कानावर पेन. त्यांनी शाळेच्या पटांगणातल्या शेडखाली खडूनं चार चौकोन आखले. पहिला मजला, दुसरा मजला, असे. ज्या मजल्याच्या मलब्यात जे सापडलं ते त्या चौकोनात. टेम्पो यायचा, भांडी ओतायची, खणाखणा आवाज. कुकर भाकरीसारखे झाले होते. किसणी तेवढी जशीच्या तशी.

मी आपणहून नळापाशी भांडी घासायला बसले. पहिलीच परात घासली तर सवयीनं वाचली. ओठ हलले असतील. वहिनींनी बघितलं.

"काय गं, काय लिहिलंय?"

मी हळू सांगितलं.

"मुकादम, इकडे या," वहिनी ओरडल्या. "हिला भांड्यावरचं वाचता येतं. मला ते ठिपके दिसत नाहीत, चष्मा गेला माझा."

मुकादमांनाही दिसत नव्हते. मग ठरलं की मी घासायचं, वाचायचं, वहिनींनी पुकारायचं आणि ज्याचं असेल त्यानं यायचं. मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

नावं मी इथं लिहीत नाही, मजले लिहिते. पहिल्या परातीवर दुसऱ्या मजल्यानं पहिल्या मजल्याला बारशानिमित्त सप्रेम भेट दिल्याचं होतं. वहिनींनी ते सगळ्या पटांगणाला सांगितलं. मग मुकादमांनी चौकोन बघून म्हटलं, "पण ही तर चौथ्या मजल्यात सापडली."

चौथा मजला म्हणजे वहिनीच.

पहिल्या मजल्यावरची बाई पदर खोचत पुढे आली. "बघा, मी म्हणतच होते माझी परात कुठं गेली. संक्रांतीला तिळगूळ भरून दिली होती तुम्हाला."

"मग न्यायची नाही का परत?"

"मी न्यायची का तुम्ही द्यायची?"

"अगं, रिकामी कशी देणार? पापड करून द्यायची होती."

"कोणत्या संक्रांतीची गोष्ट आहे ही, सांगू का मुकादमांना?"

"मुकादमांना काय करायचंय तिळगुळाचं," वहिनी म्हणाल्या आणि कोटाची बटणं लावली.

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, निदान चमचाभर साखर. आता साखर घालून दिली तर म्हणणार, साखरच मिळाली का? म्हणून बायका काहीतरी चांगलं करायची वाट बघतात. तोवर भांडं आपल्याच फळीवर राहतं आणि मग घाईच्या वेळी त्यातच काहीतरी भरून तिसऱ्या घरी जातं. असं त्या इमारतीत किती वर्षं चाललं होतं कोणास ठाऊक. मुकादमांनी चौकोन आखले होते, पण भांडी काही आपापल्या मजल्यावर राहत नव्हती.

दुपारपर्यंत नुसता गोंधळ. दुसऱ्या मजल्याची कढई पहिल्यात, पहिल्याचं पातेलं तिसऱ्यात. एक ताटली निघाली, तिच्यावर एकाखाली एक तीन नावं. म्हणजे भेट आलेली ताटली पुढे भेट दिली, तिथून पुन्हा पुढे. मी ती तिन्ही नावं वाचली आणि वहिनींनी तिन्ही पुकारली. मधल्या नावाची बाई तिथंच उभी होती.

"माझ्या वास्तुशांतीची ताटली तुम्ही वाटून टाकली?" वरच्या नावाची म्हणाली.

"सहा होत्या. पाच वापरतेय ना."

"पाच ताटल्यांत कोण जेवतं? पाहुणा आला की त्याला काय हातावर वाढता?"

सकाळी ह्याच दोघी गळ्यात गळा घालून रडल्या होत्या. आता भांडताना बघून त्यांच्या घरची माणसं खूश झाली. एकीचा नवरा मला म्हणाला, "चार दिवसांनी आवाज निघाला तिचा. अजून वाच."

मुकादम थकले. त्यांनी नियम बदलला. "सापडलं कुठं ते सोडा. ज्याचं नाव, त्याचं भांडं."

हा नियम पाव तास चालला. वणीचे एक मामा होते, दुसऱ्या मजल्याच्या नात्यातले. त्यांना प्रत्येक लग्नात स्टीलची घागर द्यायची हौस, आणि घागरीवर देणाऱ्याचं नाव मोठं. नियमाप्रमाणे अर्ध्या घागरी त्यांच्या निघाल्या.

"मामा वारून सहा वर्षं झाली," दुसऱ्या मजल्याचे भाऊ म्हणाले. "पण नियम आहे तर टेम्पो पाठवा वणीला."

त्यानंतर एक गाठोडं उघडलं तर त्यात नुसते चमचे. खूप चमचे. मी एक घासला, दुसरा घासला. सगळ्यांवर एकाच मंगल कार्यालयाचं नाव. मी वाचलं. वहिनींनी पहिल्यांदाच पुकारलं नाही, मलाच परत विचारलं, "नीट वाच बरं." मी नीट वाचलं.

"हे कोणाचे?" मुकादमांनी विचारलं.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा शेरवानीतल्या आजोबांकडे गेल्या, का कोण जाणे, त्यांचा पोशाख तसा होता म्हणून असेल.

"मला तर चमचा लागतच नाही," आजोबा म्हणाले. "मी हातानं खातो."

ते चमचे शेवटपर्यंत कोणी घेतले नाहीत.

ह्या सगळ्यात प्रत्येक उभा डबा निघाला की मावशी उठून यायच्या. मी घासून द्यायचे. त्या बूड वर करायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या, मग मला द्यायच्या. "वाच." मी वाचायचे. नसायचा. त्या जाऊन भिंतीला टेकून बसायच्या. उभे डबे त्या इमारतीत किती असावेत, मला वाटलं होतं पाच-सहा. रांग लागली. प्रत्येक वेळी वहिनी कोटाच्या बाह्या सरसावून ओरडायच्या, "अरे नीट बघा रे, काकांचा डबा आहे. एकूण एक वीट उलटी करा." शोधण्यात त्यांच्याइतका जोर कोणाचा नव्हता.

आणि मला मात्र वहिनींकडे बघवत नव्हतं. कारण वहिनींचाही एक डबा माझ्या घरी होता.

झालं होतं असं. उन्हाळ्यात मी त्यांच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले होते. निघताना त्यांनी कुरडयांचा मोडका चुरा एका डब्यात भरून दिला, पोरांना तळून दे म्हणून. चुरा संपला. डबा परत द्यायचा तर त्यात काहीतरी हवं. मी बेसनाचे लाडू केले, ते बसले नाहीत, पातळ झाले. चिवडा केला, तो करपला. मग लाज वाटली आणि डबा फळीवर राहिला. फळीवर रिकामा कशाला म्हणून मी त्यात बटणं, हुक, सुया ठेवल्या. आता वहिनींचं घर गेलं, भांडी गेली, आणि माझ्या घरात त्यांचा धडधाकट डबा. तीन वेळा मी सांगायला तोंड उघडलं. पण वहिनी कोटात होत्या. कोटात असल्या की त्या मला ओळखीच्याच वाटत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर शेवटचा टेम्पो आला. मुकादमांनी कानावरचं पेन काढून खिशात ठेवलं. "आता भांडं नाही. नुसती माती राहिलीय."

मावशींनी ऐकलं. लेकीनं समोर ठेवलेलं ताट त्यांनी हळूच सरकवलं, अगदी कोणाचा पाय लागू नये तसं बाजूला. त्या दिवशी शनिवार होता.

मी घरी आले. माझे मालक रिक्षा चालवतात, ते नुकतेच आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, वहिनींच्या डब्याचंही.

"दे जाऊन. त्यात काय?"

"रिकामा?"

"बटणं आहेत की त्यात."

त्यांना सगळ्याची थट्टा. मी बटणं वर्तमानपत्रावर ओतली आणि डबा घासायला घेतला. मनात म्हणत होते की भाजी भरून नेऊ, वहिनी रागावल्या तर रागावल्या. घासताना पालथा केला. राख ठिपक्यांत बसली. मी दिवसभर वाचत होते, म्हणून सवयीनं वाचलं.

काकांचं नाव होतं. खाली नंबर.

दोन-तीन महिने तो डबा माझ्या फळीवर होता. आपल्या घरातलं भांडं कोण वाचतं? मी मोरीतच बसून राहिले. मालक आले, त्यांनी बूड बघितलं. त्यांना वाचायचा कंटाळा, पण माझं तोंड बघून कळलं.

"मावशींचा?"

मी मान हलवली.

"दोन दिवस सगळ्या गावाची भांडी वाचलीस तू," ते म्हणाले. खूप झालं तेवढं.

भरायचं काय, हा प्रश्न पडला नाही. मी त्या घरी पोळ्या करायचे, मला माहीत होतं. काकांना शेपूची भाजी लागायची. त्यात मुगाची डाळ आणि भरपूर लसूण. कारखान्यात त्यांचे जोडीदार त्या वासानं त्यांना वेगळं बसवायचे म्हणे. रिटायर झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर शेपू शिजली की चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दार लावून घ्यायच्या, आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात येऊन म्हणायचे, "आज पुन्हा?" रविवारी सकाळी मी बाजारातून शेपू आणली. बोट दाखवून. भाजी केली, दोन भाकरी केल्या, डबा भरून शाळेत गेले.

आधी वहिनींना गाठलं. कोट होताच. मी डबा पुढे केला आणि सांगायला लागले.

"मोठ्यानं बोल गं. कुरडया कशाच्या?"

मी पुन्हा सांगितलं. मग बूड दाखवलं आणि वाचून दाखवलं. वहिनी खाली बाकावरच बसल्या. त्यांचा आवाज एकदम माझ्यासारखा झाला.

"द्राक्षं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"होळीच्या आसपास काका द्राक्षं घेऊन आले होते माझ्याकडे. मावशी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. ह्या डब्यात भरून आणली होती. मी म्हटलं, थांबा काका, भांडं रिकामं करून देते. तर म्हणाले, राहू द्या, सावकाश द्या." त्यांनी कपाळावर हात मारला. "मी सावकाशच दिला. तुला दिला. आणि दोन दिवस मी बोंबलतेय, वीट उलटी करा म्हणून."

"आता सांगायचं कोणी?" मी म्हटलं.

"तू."

"तुम्ही."

"डबा तुझ्याकडे सापडला."

"दिला तुम्ही."

मी कोणाशी एवढं भांडले नव्हते कधी. शेवटी दोघी गेलो. वर्गाच्या कोपऱ्यात मावशी भिंतीला टेकलेल्या, शेजारी लेक, दारात जावई. मी डबा मावशींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बूड वर केलं. भाजी आत होती, पण झाकण खरंच घट्ट होतं. त्यांनी बोटानं ठिपके चाचपले. वाचायला मला दिला नाही.

मग वहिनींकडे बघून मी सांगायला लागले. कुरडया, बटणं, सगळं. आवाज येत नव्हता म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वर्गातली माणसं गोळा झाली. द्राक्षांचं वहिनींनी सांगितलं.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांनी दिला?"

"हो."

"स्वतः रॅकवरून काढून?"

"हो, मावशी."

"चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं स्वयंपाकघरातल्या भांड्याला एकदा हात लावला," मावशी म्हणाल्या, "तर तो असा. रॅकवर खाली पातेली होती, वाडगे होते, चाळणी होती. तेवढं सोडून वरच्या फळीवरचा डबा काढला. आणि मला सांगितलं का? द्राक्षं कुठून आली ते सांगितलं, कितीला आली ते सांगितलं, भांड्याचं नाही. विचारा बरं का नाही सांगितलं."

विचारणार कोणाला? पण त्या इतक्या रागानं बोलत होत्या की जावयानं मागं वळून दाराकडे बघितलं, काका आलेत का काय अशा नजरेनं.

"भाजी कसली आहे?" मावशींनी मला विचारलं.

उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांनी झाकण काढलं. शेपू आणि लसणाचा वास सगळ्या वर्गात पसरला. आजोबा लांबून म्हणाले, "आज पुन्हा?" म्हणाले आणि शेरवानीच्या बाहीनं डोळे पुसले.

मावशींनी भाकरी मोडली. सगळे बघत होते, म्हणून वहिनींनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे, शिक्षा झालेल्या मुलांसारखे. मागून पहिला घास चावल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग कट्ट असं काहीतरी वाजलं.

मी वळले. मावशींनी तोंडातून काहीतरी काढून तळहातावर घेतलं होतं. शर्टाचं पांढरं बटण. झाकणाच्या कडेत अडकलं असणार, घासताना मला दिसलं नाही.

"हे काय आहे?"

"बटण," मी म्हटलं.

मावशींनी बटणाकडे बघितलं, मग भाजीकडे. "मीठ घालायचं सोडून?"

मला आठवलं की मीठ खरंच कमी पडलं होतं, घाईत चव बघितली नव्हती. मी मान खाली घातली. तेव्हा मावशी हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि रडता रडताच जेवत राहिल्या. लेकीनं मीठ आणलं. त्यांनी दोन्ही भाकऱ्या संपवल्या. साखरेची गोळी घेतली. डॉक्टरीणबाईंना सांगायला जावई धावत गेला. खरं तर फोन खिशातच होता.

दुपारी त्यांनी सामान बांधायला घेतलं. बांधायला फार काही नव्हतं. एक गादी, दोन साड्या, नळाजवळून मिळालेली स्वतःची किसणी. त्यांची कढई वहिनींच्या चौकोनात गेली होती, ती त्यांनी मुद्दाम घेतली नाही. "राहू दे तिच्याकडे. द्यायला यावं लागेल तिला सटाण्याला."

"रिकामी नाही आणणार," वहिनी म्हणाल्या.

"कोणत्या संक्रांतीला आणणार?" पहिल्या मजल्यावरची म्हणाली.

मी निघाले. मावशींनी डबा विसळून, पदरानं पुसून कोरडा केला होता. मी पाया पडले, तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातल्या घोटीच्या तांदळाच्या कट्ट्यातून दोन मुठी तांदूळ घेतले, डब्यात ओतले, झाकण दाबून लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मी घेतला. बाई भांडं देते आणि आपण घेतो, त्यात विचार करायची सवय कोणाला असते? मी वऱ्हांडा ओलांडला, पटांगण ओलांडलं, फाटकाशी पोचले. तिथं माझी नजर माझ्या हाताकडे गेली.

त्याच वेळी मागून मावशींची हाक आली. इतक्या दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"अगं ए, डबा माझा आहे."

मी पळत परत गेले. सगळे हसत होते, मुकादमसुद्धा. मावशींनी डबा घेतला, झाकण काढलं आणि तांदूळ माझ्या पदरात ओतले.

"तुझं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "आता हा मी गाडीत मांडीवर घेऊन बसते."

मी पदर धरून घरी आले. मालकांनी विचारलं, पदरात काय? मी सांगितलं, डबा दिला त्याचं आलंय. रात्रीच्या जेवणाला तोच भात केला. दोघांना पुरला नाही, पण आम्ही दुसरा लावला नाही. बटणं मात्र अजून वर्तमानपत्रातच आहेत. घरात दुसरा एक उभा डबा आहे, पण तो कोणाचा ते आधी वाचून घ्यावं म्हणते.